फोनवरची बातमी आणि सीमाभागातले आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या बेळगावात, वडगावला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. त्याआधी त्याच गाळ्यात वडिलांची पेपरची एजन्सी होती. पहाटे गठ्ठे सुटायचे, पोरं सायकलवर टाकून शहापूर, अनगोळपर्यंत न्यायची. आता त्याच फळीवर गिऱ्हाईक फोन ठेवतं आणि म्हणतं, "हे खरं हाय काय बघ की जरा." तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातला मराठी वाचक समोर ठेवून लिहिलंय. पुणेकरांना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

पूर्वी पेपर यायचा, आता फोन आहे. बातमी तीच ना? मग फरक काय पडला?

बातमी पुष्कळदा तीच असते. ती निवडून आपल्यापुढे कोण ठेवतं, ते बदललं.

बाबूराव ठाकूर यांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला १९१९ मध्ये. कोल्हापूरच्या 'पुढारी'चीही इथे आवृत्ती निघते. या पेपरांच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नव्हती. वाचक मराठी आहे, पण त्याचा तहसीलदार, त्याची वीज, त्याची बस, त्याच्या पोरांची दहावी, सगळं बेंगळूरच्या सरकारकडे आहे. म्हणून एकाच अंकात हेस्कॉमची वीजकपात, कणकुंबीचा पाऊस आणि मुंबईच्या मंत्रिमंडळाचा निर्णय शेजारी शेजारी बसायचे. कन्नडमधला आदेश आणि इंग्रजीतलं पत्रक मराठीत करून कुणीतरी आपल्या दारात टाकत होतं. ते काम चालू आहे हे आपल्या लक्षातही येत नसे.

फोनला ही अक्कल नाही. माणूस कुठे आहे आणि कुठल्या भाषेत वाचतो, यावर त्याचा बहुतेक अंदाज चालतो. पुण्यात या दोन्हींचं उत्तर एकच राज्य निघतं. हुबळीतही एकच. आपल्याकडे दोन निघतात, आणि मधल्या फटीत आपली बातमी पडते.

ही सवय कधी बदलली म्हणायची?

मी दुकानाच्या फळीवरून बघितलंय तेवढं सांगतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि महिनाभर पुरवायचा डेटा लोक दिवसात संपवायला लागले. त्याआधी फोन जपून वापरायची वस्तू होती. शिनोळी ओलांडून चंदगड तालुक्यात शिरलं की रोमिंग लागायचं, म्हणून लोक फोन बंदच ठेवायचे. आता हसू येतं.

दुसरा धक्का मार्च २०२० चा. पेपराला हात लावायला माणसं भ्यायची. त्या दिवसांत पेपराची पीडीएफ ग्रुपवर यायला लागली आणि घरातल्या म्हाताऱ्यांनीही बोटाने पान मोठं करून वाचायची सवय लावून घेतली. लॉकडाऊन उठलं, पण बरेच जण पुन्हा पेपराकडे वळले नाहीत. वडिलांच्या एजन्सीचा कणा तिथेच मोडला.

त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामचे रील आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. पोरांचा एक दिवसही मोकळा गेला नाही.

मी मराठीत वाचतो. मग फोनवर पुण्या-मुंबईच्याच बातम्या का येतात?

कारण वेबवरचं मराठी लिखाण बहुतेक महाराष्ट्राबद्दल आहे. मराठी वाचणारा म्हणजे महाराष्ट्रातला, असा अंदाज यंत्र बांधतं आणि शंभरातल्या नव्वद जणांच्या बाबतीत ते बरोबरही येत असेल. उरलेल्यांत आपण.

फोनच्या होम स्क्रीनवर बोट उजवीकडे सरकवलं की गूगलची जी बातम्यांची रांग येते तिला डिस्कव्हर म्हणतात. तिथे तुम्ही काही शोधलेलं नसतं. तुम्ही आधी कशावर बोट ठेवलं त्यावरून ती रांग लागते. एखाद्या नटीच्या घटस्फोटावर दोनदा बोट पडलं की आठवडाभर घटस्फोटच येतात. नको त्या बातमीखालच्या तीन ठिपक्यांवर दाबून 'रस नाही' म्हणता येतं, स्थळाचं नावच बंद करता येतं. आठ-दहा दिवस चिकाटीने केलं तर फरक पडतो. पण सोपा उपाय वेगळा आहे. आपला जो पेपर असेल त्याची साइट ब्राउझरमध्ये थेट उघडायची आणि तिचं चिन्ह होम स्क्रीनवर ठेवायचं. रांगेत काय येतंय याची वाट बघत बसायचं नाही.

शोधताना 'बेळगाव' लिहावं की 'बेळगावी'?

दोन्ही, आणि इंग्रजी अक्षरांत आणखी दोन. हा प्रश्न वरवर साधा आहे, पण माझ्या मते या पानावरचा सगळ्यात कामाचा हाच.

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याच दिवशी हुबळीचं हुब्बळ्ळी आणि विजापूरचं विजयपुर झालं. तेव्हापासून सरकारी कागद, कन्नड पेपर आणि इंग्रजी पेपर नवं नाव लिहितात. मराठी पेपर बेळगाव लिहितात. जुन्या इंग्रजी बातम्यांत 'बेलगाम' असतं. रेल्वेचा स्टेशन कोड तर अजूनही बीजीएम आहे. शोधयंत्र हुशार झालंय, ही एकच जागा आहे हे त्याला पुष्कळदा कळतं. तरी तुम्ही कुठलं नाव टाइप करता त्यावर पहिल्या पानावर कोण येणार ते ठरतं. एकाच दिवशीच्या एकाच घटनेसाठी दोन नावांनी शोधून बघा. एका नावाने आलेल्या बातमीत 'मराठी भाषकांवर अन्याय' असेल, दुसऱ्या नावाने आलेल्या बातमीत 'कन्नडविरोधी घोषणा' असतील. नाव टाइप करतानाच आपण नकळत बाजू निवडलेली असते.

गावांच्या नावांचा घोळ तर विचारू नका. 'खानापूर' लिहिलं की सांगली जिल्ह्यातलं, विट्याजवळचं खानापूर येतं. 'शहापुरात पाणी नाही' असं शोधलं तर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या टँकरच्या बातम्या येतात, आणि तिथली टंचाई इतकी जुनी आहे की बातमी खरी वाटून आमच्या गल्लीतल्या एकाने दोन घागरी जास्त भरून ठेवल्या. आमच्या वडगावची तर गणतीच नको, महाराष्ट्रात दर दहा मैलांवर एक वडगाव. म्हणून गावाच्या नावाला नेहमी तालुका नाहीतर जिल्हा जोडायचा.

दहावीचा निकाल, सातबारा असं काही शोधलं की चुकीचीच साइट का येते?

शब्द महाराष्ट्राचे आहेत म्हणून. आपली पोरं मराठी माध्यमात शिकली तरी परीक्षा देतात ती कर्नाटकाची एसएसएलसी. २०२४ मध्ये तिचा निकाल ९ मे ला लागला आणि महाराष्ट्राच्या दहावीचा २७ मे ला. २०२५ मध्ये २ मे आणि १३ मे. मधल्या दिवसांत दरवर्षी कुणीतरी पालक घाबरून येतो की निकाल लागला म्हणतात, पण पोराचा नंबर घेतच नाही. नंबर टाकलेला असतो महाराष्ट्र बोर्डाच्या पानावर.

सातबाऱ्याचंही तेच. आपल्याकडे त्याला आरटीसी म्हणतात, जुनी माणसं पहाणी म्हणतात, आणि तो कर्नाटक महसूल खात्याच्या 'भूमी' या साइटवर मिळतो, तोही कन्नडमध्ये. घरात आपण उतारा म्हणा नाहीतर सातबारा म्हणा, फोनला मात्र खात्याचा शब्द द्यावा लागतो.

गूगलवर आता वरतीच तयार उत्तर येतं. तेवढं वाचलं की झालं ना?

पाककृतीसाठी झालं. सरकारी कामासाठी नाही.

हे तयार उत्तर एआय लिहितं. भारतात ते ऑगस्ट २०२४ पासून दिसायला लागलं, आधी इंग्रजी आणि हिंदीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून लोक तसंही शोधण्याऐवजी विचारायला लागले होते. माझ्याकडे येणारी कॉलेजची पोरं आता चार शब्द टाइप करत नाहीत, फोन तोंडाजवळ धरून अख्खं वाक्य बोलतात. सवय चांगली आहे, मराठी टाइप न येणाऱ्यांना तर वरदानच. पण बोलताना राज्याचं नाव राहून जातं. 'विधवा पेन्शनला कुठले कागद लागतात' असं मराठीत विचारलं तर उत्तराचा ओढा महाराष्ट्राच्या योजनेकडे असतो, भाषा अगदी खात्रीची असते आणि संजय गांधी योजनेचे कागद गोळा करून माणूस नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, उभा राहतो. तिथला कारकून त्याच्याकडे बघत राहतो.

प्रश्नात 'कर्नाटक' हा शब्द घालायचा. उत्तराखाली दिलेल्या दुव्यांपैकी ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे तो एक तरी उघडायचा. तारीख बघायची.

आणखी एक बाजू आहे, ती मला जास्त खुपते. तयार उत्तर वाचून माणूस बातमीच्या साइटवर जातच नाही. साइटवर माणूस आला नाही की जाहिरातीचे पैसे येत नाहीत. मुंबईचा मोठा पेपर हे सोसेल. खानापूरच्या ग्रामसभेला बातमीदार पाठवणाऱ्याला ते किती दिवस परवडेल? आणि तो गेला नाही तर एआयला खानापूरबद्दल उत्तर कुठून सुचणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रीलवर 'लाडकी बहीण'ची केवायसी करा म्हणतात. आम्हाला मिळते काय?

फळीवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थोडं सविस्तर लिहितो.

'लाडकी बहीण' महाराष्ट्राची, जुलै २०२४ पासूनची, २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना १५०० रुपये, आणि अट अशी की बाई महाराष्ट्राची रहिवासी हवी. 'गृहलक्ष्मी' कर्नाटकाची, ऑगस्ट २०२३ पासूनची, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिला महिना २००० रुपये. बेळगावात राहणाऱ्या बाईसाठी गृहलक्ष्मी आहे, लाडकी बहीण नाही. रील मराठीत आहे म्हणून योजना आपली होत नाही.

पण सीमेवर लग्नं दोन्हीकडे होतात, त्यामुळे खरा गुंता पुढे आहे. येळ्ळूरची मुलगी चंदगड तालुक्यात दिली, तर तिला लाडकी बहीण मिळू शकते. परराज्यात जन्मलेल्या बाईसाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवासाचा दाखला चालतो, असं त्या योजनेत स्पष्ट आहे. उलट गडहिंग्लजची मुलगी काकतीत सून म्हणून आली तर तिचं नाव इथल्या रेशनकार्डावर चढलं पाहिजे, आणि कुटुंबप्रमुख सासू असेल तर गृहलक्ष्मीचे पैसे सासूला. इथे माझ्या दुकानात दोन-तीनदा चांगलीच वादावादी झाली आहे, त्यात मी पडत नाही.

बसचंही तसंच. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यांच्या हद्दीपुरतं. कोल्हापूरला जायचं तर कुठली बस, हद्द कुठे, हे आधी विचारून घ्यावं.

एक अपवादही ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. म्हणजे 'महाराष्ट्राची योजना, आपल्याला नाहीच' असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. प्रत्येक योजनेत 'लाभार्थी कोण' ही एक ओळ असते, ती शोधायची.

आणि केवायसीची लिंक रीलखालून कधीही उघडायची नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तशा तिच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटही निघाल्या. जिला योजना लागूच नाही तिनेही आधार नंबर आणि ओटीपी तिथे देऊन टाकायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन लावा. पहिल्या तासात लावला तर पैसे वाटेत अडवता यायची शक्यता जास्त.

कन्नडमधली नोटीस आलीय. फोनने वाचता येते काय?

येते. गूगल लेन्सने कागदावर कॅमेरा धरला की कन्नडचं मराठी समोर येतं. वीजबिल, बसची पाटी, ग्रामपंचायतीचं पत्रक, एवढ्यासाठी उत्तम. माझ्याकडे नोटीस वाचून घ्यायला येणारी माणसं यामुळे कमी झाली.

पण जमिनीची, कोर्टाची, बँकेची नोटीस असेल तर तेवढ्यावर राहू नका. कन्नड अंक हे एक कारण. कन्नड एक हा उघड्या गोलासारखा असतो, शिक्का पुसट असला की शून्य वाटतो, आणि सर्व्हे नंबरात एकाचा शून्य झाला की तुमचं शेत दुसऱ्याचं. दुसरं कारण कार्यालयीन भाषेचं. 'हजर राहून म्हणणं मांडा' आणि 'हजर राहिला नाहीत म्हणून निकाल दिला', या दोन वाक्यांत यंत्र एकदा माझ्यासमोर गडबडलं होतं. कन्नड वाचणारा शेजारी शोधा. बेळगावात तो एका भिंतीपलीकडे असतोच.

ग्रुपवर आलेलं खरं की खोटं, कसं ओळखायचं?

आधी एक जुनी गोष्ट. २०१८ च्या उन्हाळ्यात पोरं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज देशभर फिरले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने मारलं. १३ जुलैला आपल्याच सीमाभागातल्या बीदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या एका तरुणाचा तसाच जीव गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जो मेसेज हातोहात खूप फिरलाय त्यावर दोन बाण येतात, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे दोन बाण दिसले तर एवढं नक्की की पाठवणाऱ्या तुमच्या मेव्हण्याने तो लिहिलेला नाही, आणि त्याला तो कुणी लिहिला तेही ठाऊक नाही.

मी तीन गोष्टी बघतो. मेसेजात तारीख आहे काय? 'आज', 'उद्या सकाळी' असं लिहिलेला मेसेज पाच वर्षं आजचाच राहतो. गावाचं नाव आहे काय? आणि व्हिडिओ असेल तर त्यातल्या गाडीची नंबरप्लेट, दुकानाची पाटी. 'बेळगावातला दंगा' म्हणून आलेल्या व्हिडिओत एकही पाटी कन्नड नसेल तर तो बेळगावचा नाही, याला एआय लागत नाही. नाहीतर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा आणि लेन्समध्ये टाकायचा. तोच फोटो जुन्या तारखेने कुठे आलाय ते बहुधा सापडतं.

पुराच्या दिवसांत काय बघावं?

पाणी महाराष्ट्रातून येतं, पूर आपल्याकडे येतो. त्यामुळे एका राज्याच्या बातम्यांवर भागत नाही. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड या तालुक्यांना कोयनेचा विसर्ग, पंचगंगा-दूधगंगा-वेदगंगेची पातळी आणि राजापूर बंधाऱ्यावरून जाणारं पाणी कळायला हवं, आणि तो आकडा महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याकडून येतो. गाव रिकामं करायचं की नाही हे मात्र बेळगावचं जिल्हा प्रशासन सांगणार. कोल्हापूर आणि सांगलीचे पेपर त्या आठवड्यापुरते आपले पेपर समजायचे.

आकड्यांचा घोळ ओळखायला एवढं पुरे : क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय. टीएमसी म्हणजे एकूण पाणी किती, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं तर साधारण साडेआठ टीएमसी होतं. कोयनेची सगळी क्षमताच १०५ टीएमसी. तेव्हा 'कोयनेतून रात्रीत ५० टीएमसी सोडलं' असा मेसेज आला की कुणीतरी क्युसेक आणि टीएमसीची भेळ केलीय हे लगेच समजतं. २०१९ च्या ऑगस्टात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं होतं. ते व्हिडिओ दर जुलैत ताजे होऊन येतात, तेच ट्रक, तोच पूल.

सीमाप्रश्नावर काही आलं की ग्रुप पेटतो. तेव्हा?

डिसेंबर २०२२ आठवा. ६ तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. १४ तारखेला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं, आणि बाहेर येऊन जे सांगितलं त्यात एक मुद्दा असा होता की मोठ्या नेत्यांच्या नावाच्या खोट्या ट्विटर खात्यांनी आग वाढवली. म्हणजे दोन राज्यांत जे आठवडाभर चाललं होतं त्यातला काही भाग कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने लिहिलेल्या ओळींवर चालला होता. आणि तेव्हा तर निळी खूण पैशाला मिळायची सोय भारतात सुरूही झाली नव्हती, ती फेब्रुवारी २०२३ ची.

खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे तारीख लागली तर ती न्यायालयाच्या साइटवर दिसते. तिथे नाही आणि ग्रुपवर 'उद्या निकाल' असेल, तर मी चहा पितो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवाहकाला मारहाण झाल्याच्या प्रकरणानंतर दोन्हीकडच्या बस थांबल्या, तेव्हाही सगळ्यात लवकर आणि सगळ्यात बिनचूक माहिती मिळाली ती मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या चहावाल्याकडून.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील काय?

२०१७ मध्ये शेजारच्या कारवार जिल्ह्यात एका ॲडमिनला अटक झाली होती, तेव्हापासून ही भीती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन असल्यामुळे माणूस जबाबदार ठरत नाही, दोघांचा मिळून तसा इरादा असला पाहिजे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असंच म्हटलं. आपलं उच्च न्यायालय मात्र कर्नाटकाचं, धारवाड खंडपीठ. इथले पोलीस चौकशीला बोलवणार नाहीत याची हमी त्या निकालांत नाही. जो टाकतो तो स्वतः मात्र भारतीय न्यायसंहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली सापडू शकतो. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मी १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या आणि आपल्या काळ्या दिनाच्या, आदल्या रात्री 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे बटण दाबून झोपतो.

गल्लीगल्लीत यूट्यूब चॅनल झालेत. त्यांच्यावर विश्वास ठेवावा?

माणसावर ठेवा, माइकवर नको. काही पोरं खरंच चांगलं काम करतात, पेपरात दोन ओळी येणाऱ्या रस्त्याच्या खड्ड्यावर पाच मिनिटं बोलतात. काहींचा धंदा बातमी न दाखवण्याचे पैसे घेण्याचा आहे. चॅनलवर पत्ता आणि तक्रारीसाठी माणसाचं नाव आहे काय ते बघा. बातम्या देणाऱ्या डिजिटल माध्यमांना २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ज्याच्याकडे पत्ताच नाही त्याच्याकडे तक्रार कुठे नेणार?

पेपराची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर चालते?

नाही. फुकट वाटायचा हक्क आपल्याला नाही. सगळे टाकतात, मलाही येते, मी पुढे पाठवत नाही. एजन्सीवाल्याचा पोरगा आहे.

१९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या बातम्या शोधतोय, काहीच मिळत नाही.

मिळणार नाहीत. तेव्हाचे अंक कागदावर आहेत, बरेचसे वेबवर कधी आलेच नाहीत. युनिकोड रुळण्याआधी काही पेपरांनी साइट काढल्या होत्या, पण त्या वेगळ्या फाँटमध्ये होत्या. फाँट नसला की पानावर नुसती चिन्हं दिसायची, आणि ते मराठी शोधयंत्राला कधी मराठी वाटलंच नाही. जुना अंक हवा तर वाचनालयात जायचं, वार आणि तारीख घेऊन.

पोरगा बातम्या वाचतच नाही, नुसते रील बघतो. काय करू?

माझाही तसाच आहे. पण त्याला बातम्या माहीत नसतात असं नाही. रविवारी जेवताना मी सांगायच्या आधी त्याने मला वंदे भारतच्या वेळा सांगितल्या. तो कन्नड रीलही बघतो, जे मला जमलं नाही, आणि बेंगळूरचं काय चाललंय ते माझ्याआधी त्याला कळतं. ओरडून काही होत नाही. मी एकच करतो. त्याने काही सांगितलं की "कुणी सांगितलं?" एवढंच विचारतो. 'इन्स्टावर होतं' हे उत्तर आमच्या घरात धरत नाहीत. इन्स्टावर कुणाचं, ते सांगावं लागतं.

मग पेपर बंद करू की ठेवू?

महिन्याचं बिल तुम्ही भरता, मी काय सांगू? आमच्या घरी येतो. आई सकाळी चष्मा लावून आधी निधन वार्ता वाचते, मग बाकीचं. परवा तिने विचारलं, शहापुरातल्या तिच्या एका मैत्रिणीचे मालक गेले, रक्षाविसर्जन आज आहे, ते तुझ्या फोनवर आलं नव्हतं काय? मी बघितलं. आलं होतं, आदल्या दिवशी दुपारी. वर गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो, एक हरवलेलं पाकीट, कुणाचा तरी वाढदिवस आणि त्याला आलेल्या पन्नास शुभेच्छा होत्या. आई तोवर साडी बदलून बाहेर पडली होती.